मोतीच्या काळजातली खळखळ



आज कुत्र्याविषयी बोलायचे आहे. हसू नका. रात्री गोठ्याची राखण कोण करतो? मेंढरांवर लांडगा आला तर आधी अंगावर कोण जातो? असा राखणदार म्हातारा झाला, की त्याचेही दुखणे-खुपणे बघावे लागते.

माण तालुक्यात एका वाडीवर मोती नावाचा कुत्रा होता. वय अकरा वर्षे. कुत्र्याच्या मानाने हे म्हातारपणच. धनी त्याला पिसाळू नये म्हणून लस टोचायला गुरांच्या दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरांनी मोतीच्या छातीला नळी लावली. बराच वेळ ऐकले. मग म्हणाले, "याच्या काळजात मर्मर आहे."

धनी घाबरला. आता कुत्रा आज जातो की उद्या, असे त्याला झाले. डॉक्टरांचे पुढचे बोलणे त्याच्या कानात शिरलेच नाही. घरी आला तर धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, आता ह्याचा काय उपेग? बाजारच्या दिवशी लांब नेऊन सोडून येऊ."

कारभारीण चुलीपाशी होती. ती म्हणाली, "भावजी, अकरा वर्सं ह्या घरची भाकरी खाल्ली त्यानं, आन् घर राखलं बी. सोडायचं न्हाई. आधी इचारा तरी, मर्मर म्हंजी काय?"

दुसऱ्या दिवशी ती स्वतःच नवऱ्याबरोबर दवाखान्यात गेली. तिथे तिला जे कळले, ते असे.

विहिरीवर मोटार बसवताना पाइपाच्या तळाला वॉल बसवतात. वॉल पाण्याला वर जाऊ देतो, खाली परतू देत नाही. तो झिजला, की पाणी मागे गळते. काळीज हाही रक्ताचा पंपच आहे. त्यात चार कप्पे असतात आणि चार झडपा. रक्त पुढे गेले, की झडप मिटते. म्हातारपणी पुष्कळ कुत्र्यांची झडप जाड होते, नीट मिटत नाही. मग थोडे रक्त मागे फिरते. त्याची खळखळ नळीतून ऐकू येते. तिलाच मर्मर म्हणतात. मर्मर हा नुसता आवाज आहे. असा आवाज असलेले कितीतरी कुत्रे वर्षानुवर्षे खातात, पितात, हिंडतात.

आवाजाला 1 पासून 6 पर्यंत नंबर देतात. 1 नंबर अगदी बारीक. 5 आणि 6 नंबरचा आवाज एवढा मोठा, की छातीवर हात ठेवला तर थरथर लागते. मोतीचा आवाज 3 नंबरचा होता.

गोचिडांच्या तापाने कुत्र्याचे रक्त फार कमी झाले, तरी काळजात असा आवाज येऊ शकतो. रक्त भरून आले, की तो जातो. म्हणून डॉक्टर हिरड्या पांढऱ्या पडल्या आहेत का ते बघतात, रक्त तपासतात. काळीज मोठे झाले आहे का, हे कळायला छातीचा फोटो काढावा लागतो. तालुक्याला ती सोय नसेल, तर परळ, शिरवळ, परभणी, उदगीर, नागपूर इथे पशुवैद्यक महाविद्यालये आहेत. तिथे विचारावे.

आता घरी काय करायचे? श्वास मोजायचे. कुत्रा गाढ झोपला, की जवळ बसा. छाती वर गेली आणि खाली आली, म्हणजे एक श्वास. घड्याळ लावून पुरते एक मिनिट मोजा. झोपेत मिनिटाला 30 च्या आत असावेत. उन्हाने जीभ काढून धापत असेल, तेव्हा मोजू नका. तो आकडा खोटा. आकडा 30 च्या वर गेला, तर थोड्या वेळाने पुन्हा मोजा. तरीही वरच असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. फुप्फुसात पाणी साठू लागले असेल. जीभ निळी पडली, किंवा कुत्रा आडवा न होता कोपरे फाकून बसून राहिला, तर मोजत बसायचेही नाही. तडक निघायचे.

कारभारीण साक्षरतेच्या वर्गाला जायची. वहीच्या मागच्या पानावर ती तारीख घालून आकडा लिहू लागली. 18. 20. 19. धाकटा भाऊ हसायचा. पण कंदील धरायला तोच बसायचा!

सहा महिन्यांनी मोती रात्री खोकू लागला. वहीत आकडे आले 24, 31, मग 36. दोघे भाऊ त्याला उचलून डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी वही बघितली आणि म्हणाले, "बरं झालं, आजच आणलंत."

त्यांनी पाणी उतरवणारे औषध दिले. त्याचे नाव फुरोसेमाईड. दुसरी गोळी दिली, तिचे नाव पिमोबेंडन. ही काळजाला जोर देते. काळीज मोठे झाले, पण अजून धाप लागलेली नाही, अशा कुत्र्यांनाही ती उपयोगी पडते. 2016 साली 360 कुत्र्यांवरची एक तपासणी छापून आली. तीत या गोळीने धापेचे दुखणे सुमारे पंधरा महिने लांबले. पण काळीज मोठे नसेल तर ही गोळी लागत नाही. म्हणून शेजाऱ्याच्या कुत्र्याची गोळी आपल्या कुत्र्याला देऊ नये. माणसाची अंगदुखीची गोळी तर मुळीच नको. तिने कुत्रा मरूही शकतो.

गोळ्यांनी झडप नवी होत नाही. हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. औषध जन्मभराचे.

पाणी उतरवणाऱ्या औषधाने लघवी फार होते. मोतीने ओटा भिजवला, तेव्हा सासूबाईंनी त्याचे पाण्याचे भांडे उचलून ठेवले. असे करू नये. या कुत्र्याला पाणी सदा समोर हवे. तोडायचे ते मीठ. खारी सुकट, पापड, लोणच्याचा खार बंद. भाकरी बिनमिठाची चालते.

मोतीला दावणीला बांधून ठेवले नाही. हळूहळू हिंडू दिले. फक्त मेंढरांमागे पळणे आणि फटफटीच्या बरोबरीने धावणे बंद केले. ते काम एका तरण्या कुत्र्याला शिकवले. मोती आणखी दहा महिने जगला. रात्री तो उंबऱ्याशी पडून असायचा. बांधावर काही हालले, की पडल्या पडल्याच एकदा भुंकायचा, आणि तरणा कुत्रा तिकडे धावायचा.