ओटीपोट दुखतंय, पण कारण सापडत नाही?



आम्ही बचत गटाच्या बायका दर महिन्याला बैठकीला जमतो. हप्त्यांचा हिशोब झाला की दुखण्याखुपण्याच्या गोष्टी निघतात. "ओटीपोटात कळ येते, जांघेपर्यंत जाते, पण सोनोग्राफीत काही निघालं नाही," असं सांगणारी एक तरी असतेच. मग घरचे म्हणतात, हिच्या मनाचे खेळ आहेत. नाहीतर कुणी म्हणतं, पिशवी काढून टाक, कटकट जाईल. आज त्याबद्दलच बोलू.

ओटीपोटात काही पिशवी एकटीच नसते. तिथे अंडाशय आहेत, लघवीची पिशवी आहे, आतडी आहेत, पोटाचे स्नायू आणि नसा आहेत. म्हणून दुखतं एकीकडे आणि मूळ असतं दुसरीकडे. मुतखड्याची कळ कमरेच्या बाजूला सुरू होते आणि जांघेत उतरते. खुब्याचा सांधा बिघडला तरी जांघच दुखते. पाळीच्या वेळी दर महिन्याला असह्य दुखत असेल, तर पिशवीच्या अस्तरासारखा थर पिशवीबाहेर वाढलेला असू शकतो. त्याला एंडोमेट्रिओसिस म्हणतात आणि तो साध्या सोनोग्राफीत अनेकदा दिसत नाही.

हर्निया म्हणजे अंतर्गळ फक्त पुरुषांना होतो, असं आपल्याला वाटतं. तो बायकांनाही होतो. आडवं झालं की तो आत जातो आणि तपासणीत सुटतो. म्हणून डॉक्टरांना सांगा, "उभं करून, खोकायला लावून बघा." सिझेरियन किंवा कुटुंबनियोजनाच्या टाक्यांजवळ नस अडकली, तरी बोटभर जागा सतत दुखते. उताणं झोपून डोकं-खांदे उचलल्यावर तिथलं दुखणं वाढलं, तर मूळ पोटाच्या भिंतीत असण्याची शक्यता जास्त.

आता सांगा, मूळ मुतखड्यात किंवा हर्नियात असेल, तर पिशवी काढून दुखणं कसं थांबणार? बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड भगिनींची २०१९ साली सरकारी समितीने पाहणी केली. सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली होती. काही वेळा हे ऑपरेशन खरंच लागतं. पण कमी वयात पिशवीसोबत अंडाशयही काढले, तर हाडं लवकर ठिसूळ होतात. म्हणून आधी विचारा, "आजाराचं नाव काय? दुसरा उपाय आहे का?" आणि दुसऱ्या डॉक्टरांचंही मत घ्या.

कारण शोधायला आपली मदत लागते. एका वहीत महिनाभर लिहा. दुखलं तो दिवस, पाळीचा कितवा दिवस, नेमकी जागा. वजन उचलल्यावर, लघवीला, शौचाला किंवा संबंधांच्या वेळी दुखतं का? ताप, जळजळ, वास येणारं पांढरं जातं का? लिहिता येत नसेल तर मुलीला सांगा, आशाताईंना सांगा. दवाखान्यात ही वही, जुने केसपेपर आणि घेतलेल्या गोळ्यांची पाकिटं न्या. लाजून अर्धं सांगितलं, तर उपचारही अर्धाच होतो. रोज दुखण्याची गोळी खाऊन ढकलू नका, त्याने पोट आणि मूत्रपिंडं खराब होतात.

काही खुणा दिसल्या तर वही बाजूला ठेवा आणि लगेच निघा. पाळी चुकली आहे आणि पोटात जोराची कळ, चक्कर किंवा रक्तस्राव आहे, तर गर्भ नळीत राहिलेला असू शकतो. नळी फुटली तर जीव जातो. जांघेतली गाठ कडक झाली, आत जाईना आणि उलट्या सुरू झाल्या. थंडी वाजून ताप आला. लघवी अडली. अशा वेळी १०८ ला फोन करा. 'ते घरी आल्यावर बघू' म्हणत थांबू नका.

मैत्रिणींनो, कर्ज घ्यायला आपण एकमेकींना जामीन राहतो. तसंच दवाखान्यातही एकीसोबत दुसरीने जायचं, असा ठराव आमच्या गटाने केला आहे. सोबत कुणी असलं की प्रश्न विचारायला धीर येतो. तुमच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. कोण गप्प राहून सोसतेय, ते विचारा.