दीड मिनिटाची भीती
(गणेशोत्सवातील युवा कार्यक्रमात केलेले भाषण)



मी रेल्वेतला डिप्लोमा इंजिनिअर. सिनेमाशी माझा संबंध तिकीट काढण्यापुरता. तरीही आपल्या कॉलेजच्या मुलांनी स्वतःच्या भयपटाचा ट्रेलर 'काका, जरा तपासून द्या' म्हणून माझ्यापुढे ठेवला. तपासणी म्हटली की आम्ही दोष आधी लिहितो, म्हणून तेच आधी सांगतो.

ट्रेलर तीन मिनिटांचा होता. दहाव्या सेकंदाला भूत हजर! पुढे ते आणखी चार वेळा आलं. शेवटच्या वेळी तर माझ्या पुतणीनं भुताच्या पायातली चप्पल ओळखली. कोण मेलं, कुणी मारलं, हेही सांगून टाकलेलं. मग सिनेमा कशाला बघायचा? शिवाय संगीत एवढं मोठं, की घाबरायला उसंतच नाही.

हिचकॉकनं १९६० साली 'सायको'चा सहा मिनिटांहून मोठा ट्रेलर केला. त्यात तो स्वतः मोटेल आणि घर दाखवत हिंडतो. प्रत्यक्ष खून दाखवत नाही. शेवटी न्हाणीघराचा पडदा ओढतो, एक बाई किंचाळते, संपलं. आपल्या राही अनिल बर्वे यांच्या २०१८ च्या 'तुंबाड'मध्येही भुताच्या आधी अंगावर येतो तो पाऊस, वाडा आणि अंधार. खऱ्या पावसासाठी त्या मंडळींनी काही पावसाळे खर्ची घातले. म्हणून मुलांना म्हटलं, भूत एकदाच, शेवटी, तेही अर्धंच दाखवा. संगीत काढा. धुवांधारचा आवाज मोबाइलवर टिपून आणा आणि एका जागी तो एकदम बंद करा. ती शांतता पुरेशी आहे.

आता मुख्य दोष. एका दृश्यात पांढऱ्या साडीतली मुलगी रात्री रुळांमधून चालत येते. ट्रेलरमधलं सगळ्यांत चांगलं दृश्य तेच होतं, आणि मी तेच काढायला सांगितलं. मुलं नाराज झाली. म्हणाली, "काका, आम्ही गाड्यांचा टाइम बघूनच गेलो होतो."

मुलांनो, मालगाडी तुमच्या टाइमटेबलात नसते. ताशी ११० किलोमीटरनं येणारी गाडी सेकंदाला ३० मीटर कापते. ड्रायव्हरला तुम्ही दिसलात आणि त्यानं ब्रेक लावला, तरी गाडी थांबायला शेकडो मीटर लागतात. तुमची नजर कॅमेऱ्यात, कान संवादाकडे. रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १४७ खाली हा गुन्हाही आहे. पण मी कायद्याच्या धाकानं बोलत नाही. वीस वर्षांच्या नोकरीत अशा ठिकाणी मला जावं लागलं आहे. तिथं काय पाहिलं ते बाप्पांसमोर सांगणार नाही. एवढंच सांगतो, की एकदा तिथं पडलेला मोबाइल वाजत होता आणि पडद्यावर 'आई' असं नाव होतं.

त्यानंतर मुलं बराच वेळ गप्प होती. मग त्यांनीच तोड काढली. तीच मुलगी आता घरात खिडकीशी उभी आहे. बाहेर गाडी जाते, डब्यांचा उजेड भिंतीवरून पट्ट्यापट्ट्यांनी सरकतो, ताटाळ्यातली भांडी थरथरतात. गाडी निघून जाते. भांडी मात्र थरथरतच राहतात! आम्ही रेल्वे क्वार्टरमध्ये जन्म काढला, पण हे पाहून माझ्याही अंगावर काटा आला. ही कल्पना माझी नाही, पूर्णपणे त्यांची आहे.

पालकांनाही एक विनंती. मुलं शूटिंगला निघाली की 'कशाला हे उद्योग' म्हणण्याआधी 'कुठे जाताय' हे विचारा. जमलं तर सोबत जा, बॅटरी धरा.

आता दिवे मालवा आणि दीड मिनिटाचा नवा ट्रेलर पाहा. घाबरलात तर श्रेय मुलांचं; नाही घाबरलात तर तपासणी माझी कच्ची.

गणपती बाप्पा मोरया!