प्रवेशग्रंथांचे कपाट



शताब्दीच्या व्यासपीठावरून जुन्या ग्रंथांचे कौतुक व्हावे, हे उचितच होय. मला मात्र एका जुन्या पुस्तकाविषयी तक्रार मांडावयाची आहे.

मी येथे बडोद्यात जीवशास्त्र शिकवीत असे. मराठी घरातील, पण गुजराती माध्यमात शिकलेल्या एका विद्यार्थिनीने मानवी पेशीत ४८ गुणसूत्रे असल्याचे परीक्षेत लिहिले. विचारता तिने आपल्याच ग्रंथालयाचा शिक्का असलेला आनुवंशिकीचा परिचयग्रंथ पुढे केला. पुस्तक सुबोध, छपाई देखणी. लेखकाचाही दोष नव्हता. १९२३ साली पेंटर यांनी दिलेला ४८ हा आकडा तीसहून अधिक वर्षे प्रमाण मानला जात होता. पुढे पेशी सौम्य द्रावणात फुगवून गुणसूत्रे सुटी करण्याची युक्ती साधली आणि स्वीडनमध्ये टिजो व लेव्हान यांना ती नीट मोजता आली. त्यांनी १९५६ मध्ये ४६ ही संख्या प्रसिद्ध केली. आमचे पुस्तक त्याआधीचे! मुलीचा गुण गेला, त्याचे एवढे नाही. तिने पुन्हा मराठी पुस्तक मागितले नाही, हे मला लागले.

तिचा आणखी एक प्रश्न होता. शाळेत ‘रंगसूत्र’, येथे ‘गुणसूत्र’, खरे कोणते? दोन्ही. रंगद्रव्य घातले की ते सूक्ष्मदर्शकाखाली उठून दिसते, म्हणून गुजरातीने मूळ ग्रीक शब्दातला रंग राखला. मराठीने त्याचे गुण वाहण्याचे कार्य पाहिले. शब्दार्थाचे नाते संकेताचे असते, हे समजण्यास शेजारचे भाषाविज्ञानाचे पुस्तक उघडावे लागते. विद्यार्थ्यांच्या टिपणांवरून सहकाऱ्यांनी सिद्ध केलेला सोस्यूर यांचा ग्रंथ १९१६ चा. त्यातील हा पाठ आजही पहिल्या वर्षी शिकवितात. ना. गो. कालेलकरांच्या ‘भाषा : इतिहास आणि भूगोल’ला १९६७ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला, ते आजही निःशंक हाती द्यावे. सर्व शास्त्रे सारख्या वेगाने जुनी होत नाहीत. आपले कपाट मात्र सर्वांना एकाच रांगेत बसविते.

जुनी प्रत रद्दीत घालावी, असे मी म्हणणार नाही; तीही शास्त्राच्या इतिहासाचा पुरावा आहे. प्रत्येक विज्ञानग्रंथाला प्रकाशनवर्षाची व बदललेल्या माहितीची चिठ्ठी लावावी, आणि दरवर्षी शताब्दी निधीतून नवे प्रवेशग्रंथ घ्यावेत. मराठीत न मिळाल्यास गुजरातीतलेही.

ग्रंथपालांची क्षमा मागून सांगतो, पहिली चिठ्ठी आज सकाळीच मी चिकटविली. ४८ खोडलेले नाही; शेजारी ४६ आणि १९५६ एवढेच लिहिले आहे.