पाटी राहिली, पाणी गेले
(जिल्हा बैठकीतील भाषण)



गावच्या जुन्या दगडी बंधाऱ्याचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतो, वारसा म्हणून नोंद करा, पाटी लावा, म्हणजे तो वाचेल. पाटीने काय वाचते आणि काय वाचत नाही, हे समजण्यासाठी आज आम्ही इंग्लंडातल्या एका कालव्याची हकीकत सांगणार आहोत.

त्याचे नाव केनेट अँड एव्हन. १८१० साली तो पुरा झाला. लांबी १४० किलोमीटर. हा आपल्या पाटासारखा ओलिताचा कालवा नव्हे, मालाच्या नावांचा. नाव चढ कसा चढते? त्यासाठी लॉक बांधतात. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला हौद. नाव आत घ्यायची, खालचा दरवाजा लावायचा, वरचे पाणी आत सोडायचे. पाणी चढते तशी नाव चढते. डिव्हायझेस गावाजवळ असे २९ लॉक आहेत. तीनेक किलोमीटरमध्ये ७२ मीटर चढ.

१८५२ साली हा कालवा एका रेल्वे कंपनीने घेतला. ज्याच्या धंद्याच्या आड कालवा येत होता, त्याच्याच हाती कालवा! दुरुस्ती मागे पडली, वाहतूक आटली. पुढे तो सरकारकडे आला, तरी दैना संपली नाही.

आता ऐका. नदीवरून कालवा पलीकडे नेणारा डंडास नावाचा दगडी पूल आहे. १९५१ साली कायद्याने त्याला संरक्षित स्मारक ठरवले. त्या देशात कालव्याच्या बांधकामाला असा मान पहिल्यांदाच मिळाला. आणि १९५४ साली पूल गळू लागला म्हणून कालवा तिथे बंद केला! पुढे तळ इतका कोरडा पडला की माणसे त्यातून पायी फिरत. दगड संरक्षित राहिला, पाणी गेले.

१९५६ साली नाव चालवण्याचा लोकांचा हक्कच काढून घेण्याचा घाट घातला गेला. लोक उठले. वीस हजारांवर सह्यांचा अर्ज त्यांनी जलमार्गाने लंडनला नेला. कालवा मोडीत निघाला नाही. मग वर्षानुवर्षे स्वयंसेवकांनी गाळ उपसला, लॉक दुरुस्त केले, वर्गणी गोळा केली. १९९० साली राणीच्या हस्ते कालवा पुन्हा खुला झाला. तरी पाणी कमीच पडे. १९९६ साली पंप बसवून लॉकमधून उतरलेले पाणी पुन्हा वर चढवण्याची सोय केली, तेव्हा कुठे ओढ कमी झाली.

भावांनो, तिथे आज हौशी नावा चालतात. आपल्याकडे हौस नाही, गरज आहे. बोंडे भरताना किंवा ज्वारी पोटरीत असताना एक पाणी मिळाले तर पीक हाती लागते. शेतीशास्त्रात त्याला संरक्षित ओलित म्हणतात. सरकारी कागदात संरक्षित स्मारक असते; आम्हाला ही दोन्ही संरक्षणे एका ठिकाणी हवीत.

म्हणून पाटीला आमचा विरोध नाही. पण ठराव करताना नुसती भिंत नोंदवू नका. पाण्यावर हक्क कोणाचा, गाळ कोण काढणार, दुरुस्तीचा पैसा दरसाल कुठून येणार, हेही त्याच कागदावर लिहून घ्या. आणि गाळ काढायच्या दिवशी फावडे घेऊन आपण स्वतः हजर राहू, हेही लिहा.