जुनी गाडी आणि नवा ॲक्सल
(मंडळाच्या सर्वसाधारण सभेत केलेले भाषण)



मंडळाच्या 1951 सालच्या शेव्हरोले पिकअपला नवीन बनावटीचा मागचा ॲक्सल बसवावा काय, या प्रश्नावर आम्ही चार शब्द बोलावेत अशी कार्यकारिणीची आज्ञा झाली आहे. आम्ही अभियंते नव्हे. परंतु विसर्जनाच्या दिवशी या गाडीचे चाक बरीच वर्षे आमच्या हाती असते, तेवढ्याच अधिकारावर हे धाडस करीत आहोत.

गतवर्षी चढावर काय घडले ते आपण जाणताच. ॲक्सलमधील तेल ब्रेकच्या ड्रममध्ये उतरले, अस्तरे भिजली आणि मूर्तीसह गाडी मागे सरकू लागली. मागे लेझमीची मुले होती. कोणी प्रसंगावधान राखून चाकाखाली दगड सारला, म्हणून आज हे भाषण तरी होत आहे. तेव्हापासून तरुण मंडळींचा आग्रह आहे की, जुना ॲक्सल काढून टाकावा.

हा आग्रह वेडगळ नाही. अमेरिकेत अशा गाड्यांचे हौशी लोक हे काम सर्रास करतात. 1995 नंतरच्या फोर्ड एक्स्प्लोररचा ॲक्सल त्यांना विशेष प्रिय आहे, कारण तो मजबूत असून त्याला डिस्क ब्रेक आहेत. पण त्याची चाके पाच बोल्टांची, आपली सहा बोल्टांची. म्हणजे पुढे एक चाक, मागे दुसरे, आणि राखीव चाके दोन बाळगावी लागणार.

खरी अडचण निराळीच आहे. 1954 पर्यंतच्या या अर्ध्या टनी शेव्हरोलेत गिअरबॉक्सपासून मागे जाणारा दंड एका बंद नळीत फिरतो. ती नळी ॲक्सलला घट्ट जोडलेली असते. चाके रस्त्याला रेटतात तेव्हा ॲक्सल उलट पिळला जाऊ पाहतो; तो पीळ ही नळी सोसते. नवीन ॲक्सलला खुला दंड लागतो आणि पीळ पाट्यांवर येतो. म्हणजे ॲक्सल बदलला की गिअरबॉक्स बदलणे आले, नवा दंड मापाने करून घेणे आले, आणि पाटे बसण्याच्या बैठकाही नव्याने वेल्ड करणे आले. त्या बैठका गाडीचा भार चाकांवर असतानाच जुळवाव्या लागतात; दंडाच्या दोन्ही टोकांच्या सांध्यांचे कोन सारखे न साधल्यास गाडी थरथरते. वेल्डिंग एकदम ओढले तर ॲक्सलची नळीच वाकते. आमच्या शेजारच्या मिस्त्रीने हे काम दोन दिवसांचे म्हणून सांगितले. आम्ही त्याला चहा पाजून वाटेस लावले.

ब्रेकचेही तसेच. ड्रमसाठी केलेला मास्टर सिलिंडर नळ्यांत थोडा दाब राखून ठेवतो. तोच डिस्कला जोडला तर ब्रेक घासत राहतात. शिवाय थांबवण्याचे बहुतेक काम पुढची चाके करतात. केवळ मागचा ब्रेक बळकट केला, तर ओल्या रस्त्यावर मागची चाके आधी जखडतील.

आता वेगाचे पाहू. आपल्या ॲक्सलचे प्रमाण 4.11 आहे. चाकाचा व्यास 28 इंच धरला तर वरच्या गिअरमध्ये ताशी 80 किलोमीटरला इंजिन मिनिटाला सुमारे 2450 फेरे घेते. 3.55 चा ॲक्सल घातला तर 2120 पुरतात. या इंजिनाची बेअरिंगे जुन्या पद्धतीची, ओतीव बॅबिटची आहेत. हमरस्त्यावर धावणाऱ्यास हा लाभ मोठा. पण आपली गाडी धावते कोठे? ती ताशांच्या मागून माणसाच्या चालीने जाते. तेथे नवा ॲक्सल क्लचला अधिकच जाळील.

कायद्याविषयी एक शब्द. 2021 च्या नियमांप्रमाणे 50 वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात जपलेली आणि चासी, सांगाडा वा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडीच 'विंटेज' नोंदणीस पात्र ठरते. तशी नोंदणी झाल्यास गाडी प्रदर्शनाला वा रॅलीला नेता येते, नित्य वापराला नाही. तेव्हा मिरवणुकीचे काय, हे परिवहन कार्यालयास लेखी विचारावे. जनरल मोटर्सचा शिवडीचा जुळणी कारखाना 1928 पासून 1954 पर्यंत चालला. आपल्या गाडीची पहिली नोंदणी मुंबईची असल्याने ती तेथलीच असावी, असे आम्ही मानतो. ते आपल्यासारखीच मुंबईहून इकडे आली, हा जिव्हाळा आमच्या मताला चिकटलेला असेल, हेही कबूल करतो.

आणि मुळात दोष कशाचा? तेल गळाले ते सीलमधून. घासलेल्या बेअरिंगमुळे शाफ्ट हलतो आणि सील कापले जाते. ॲक्सलमधून हवा जाण्याचे भोक चिखलाने बुजले असेल तर तापलेले तेल सीलकडेच वाट काढते. नवा ॲक्सलही अशाने गळेल.

आमची सूचना एवढीच आहे की, पावसाळ्यापूर्वी ॲक्सल उघडून बेअरिंगे, सील व चारही चाकांची अस्तरे बदलावीत, क्राउन-पिनियनच्या दातांतील अंतर मोजावे, हातब्रेकची केबल नवी घालावी. दात खचलेले निघाले तर नव्या ॲक्सलचा ठराव आम्ही स्वतः मांडू. यंदा मुले गाडीच्या पुढे चालतील, आणि दोन कार्यकर्ते लाकडी ठोकळे घेऊन मागच्या चाकांशी राहतील. त्यांपैकी एक नाव आमचे लिहून घ्यावे. गाडी यंदा दुसऱ्या कोणी चालवावी.