स्वयंपाकघराची किंमत

स्वयंपाकघर ही विकत घेण्याची वस्तू आहे, ही कल्पना आपल्याकडे फार जुनी नाही. आपल्या आज्यांनी पितळेची भांडी विकत घेतली, सुताराकडून फडताळ करवून घेतले, भिंतीवर मांडणी ठोकली आणि उभ्याने स्वयंपाक करण्याची चाल पडली तेव्हा कडाप्प्याचा ओटा घालून घेतला. यांतल्या प्रत्येक वस्तूची किंमत त्यांना तोंडपाठ होती. परंतु ‘तुमच्या स्वयंपाकघराची किंमत किती?’ असे कोणी विचारले असते, तर त्यांना तो प्रश्नच कळला नसता. पुढे ओट्याखाली पोलादी ट्रॉल्या आल्या. आणि आता ओट्याखालचे खण, वरची कपाटे, कोपऱ्यातले फिरते कप्पे हे सारे मिळून ‘मॉड्यूलर किचन’ या नावाने एकाच आकड्यात विकले जाते. हा आकडा पुष्कळदा लाखांत असतो. घराच्या कर्जाचे हप्ते नुकतेच सुरू झालेले असतात, आणि गाठीला जे काही उरले असेल त्यावरच हा नवा घाला येतो.

येथे एक गोष्ट आधीच स्पष्ट केली पाहिजे. रास्त किंमत म्हणजे कमीत कमी किंमत नव्हे. लाकडाचे मोल, कारागिराची मजुरी, गाडीभाडे, दुकानाचा खर्च आणि दुकानदाराचा माफक नफा, हे सारे रास्त किमतीतच येते. त्यांपैकी काहीही नाकारण्याचा आपल्याला अधिकार नाही. अधिकार आहे तो एवढाच की, कशाचे किती हे आपल्याला कळले पाहिजे. एकाच आकड्यात ते कळत नाही. आणि ते कळू नये अशीच पुष्कळदा योजना असते.

या प्रकारच्या स्वयंपाकघराचे मूळ पाहिले तर ते श्रीमंतीत नाही, हे ऐकून काहींना नवल वाटेल. मार्गारेटे शुट-लिहोट्स्की या व्हिएन्नाच्या वास्तुविशारद बाईंनी १९२६ साली जर्मनीतील फ्रांकफुर्ट शहराच्या नव्या वसाहतींसाठी त्याचा आराखडा केला. सुमारे साडेसहा चौरस मीटरांच्या खोलीत बाईचे हेलपाटे वाचावेत आणि सामान्य कुटुंबाला ते परवडावे, हा त्यामागचा हेतू होता. एकाच मापाची अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे बसवली गेली, आणि एकच माप पुन्हा पुन्हा करण्यातच स्वस्ताईचे रहस्य होते. आपण नाव उचलले. तत्त्व मात्र अर्धेच उचलले. तेव्हा दुकानात पहिली मागणी ही करावी की, खण कारखान्याच्या ठराविक रुंदीचे, म्हणजे ४५, ६० किंवा ९० सेंटिमीटरांचे असावेत आणि भिंतीशी उरलेली फट साध्या पट्टीने बुजवावी. प्रत्येक खण वेगळ्या मापाचा करवून घेणे म्हणजे मॉड्यूलरचे नाव आणि सुतारकामाचा दाम, असा दुहेरी भुर्दंड होय.

दुकानात आपल्याला विचारला जाणारा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: ‘आपले बजेट किती?’ प्रश्न मोठ्या अगत्याने विचारलेला असतो, चहाही आलेला असतो. पण आपण आकडा सांगितला की दरपत्रक त्या आकड्याच्या आसपासच तयार होते, ही काही योगायोगाची गोष्ट नाही. आकड्याऐवजी यादी द्यावी. भिंतींची मापे, खणांची संख्या, किती खण ओढायचे आणि किती उघडायचे, कोणते लाकूड, कोणत्या बिजागऱ्या, हे एका कागदावर लिहून तोच कागद तीन ठिकाणी द्यावा. तीन निरनिराळ्या आराखड्यांचे तीन दर घेऊन त्यांची तुलना करणारे पुष्कळ भेटतात. ती तुलना आंब्याची आणि फणसाची असते.

आता मोजणीचा प्रकार पाहा. बहुतेक ठिकाणी दर ‘रनिंग फुटा’वर, म्हणजे भिंतीलगतच्या लांबीवर सांगतात. ओटा काटकोनात वळलेला असेल, एक भिंत दहा फुटांची आणि दुसरी आठ फुटांची असेल, तर बिलात अठरा फूट लागतात. पण खालचे खण दोन फूट खोल असतात. कोपऱ्यातला दोन फुटांचा चौकोन दोन्ही भिंतींच्या हिशेबात आलेला असतो. खरी लांबी सोळा फूट. न केलेल्या दोन फुटांचे पैसे देण्याचे कारण नाही, आणि विचारले की बहुतेक वेळा ते निमूटपणे वजा होतात. काही दुकानांत दर दर्शनी भागाच्या चौरस फुटावर असतो. तेथे दुसरी मेख असते: खालचा खण दोन फूट खोल आणि वरचे कपाट एकच फूट खोल, परंतु दर्शनी क्षेत्रफळ सारखे म्हणून दरही सारखाच! वरच्या कपाटाला तेवढ्याच दर्शनी भागामागे साधारण पाऊणच लाकूड लागते. दोघांचा दर वेगळा मागावा.

लाकडाचा अंदाज घरबसल्या करता येतो. दोन फूट रुंदीच्या खालच्या खणाला दोन बाजू, तळ, मधली फळी, झाकण आणि वरच्या पट्ट्या मिळून सुमारे तेवीस चौरस फूट लाकूड लागते. पाठीची पातळ फळी वेगळी. प्लायवूडची शीट आठ बाय चारची, म्हणजे बत्तीस चौरस फुटांची. आपल्या सोळा फुटांच्या ओट्याखाली असे आठ खण धरले, तर छाटाछाटीत वाया जाणारे जमेस धरूनही सात शीट पुरतात. शीटचा भाव कोणत्याही प्लायवूडच्या दुकानात विचारता येतो. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने जंगलतोडीवर कडक निर्बंध घातल्यानंतर हा धंदा ईशान्येच्या जंगलांकडून शेतातल्या झाडांकडे वळला. हरियाणातील यमुनानगरला पॉप्लर आणि निलगिरी, केरळातील पेरुंबवूरला रबराचे लाकूड सोलून हे थर चिकटवले जातात आणि देशभर जातात. त्यामुळे आपण इंदुरात राहत असा, बडोद्यात राहत असा की हैदराबादेत, शीटचा भाव कळणे अवघड नाही. तो सातांनी गुणावा, मग दरपत्रकाकडे पुन्हा एकदा पाहावे. दोहोंतले अंतर मजुरी, बिजागऱ्या, सनमायका, कारखाना आणि नफा यांचे आहे. ते किती असावे, यावर आता डोळसपणे बोलता येईल.

लाकूड सांगताना नुसते ‘वॉटरप्रूफ’ या शब्दावर समाधान मानू नये. पाण्याजवळच्या प्लायवूडसाठी भारतीय मानक आय. एस. ७१० हे आहे. त्याच्या परीक्षेत नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवला, तरी थर सुटता कामा नयेत. हा आकडा शीटवर छापलेला पाहावा आणि बिलातही लिहून घ्यावा. सगळ्याच खणांना एवढे भारी लाकूड लागते असे नाही. भिंतीवरच्या कोरड्या कपाटांना हलके बोर्ड चालते, आणि मोरीखालच्या खणाला मात्र ते चालत नाही. जो विक्रेता हा फरक आपण होऊन सांगतो, तो विश्वासू समजावा. पोलादी जाळ्यांचेही असेच आहे. ३०४ जातीच्या पोलादात निकेल जास्त, म्हणून ते गंजाला दाद देत नाही. २०२ जातीत ते कमी आणि भावही कमी. मुंबई, कोकण, गोवा येथल्या खाऱ्या हवेत हा फरक लवकर दिसतो. ‘चुंबक लावून पाहा, चिकटत नाही’ असे सांगून आपली खात्री पटवली जाते. परंतु चुंबक सहसा दोन्ही जातींना चिकटत नाही, तेव्हा त्या परीक्षेला काही अर्थ नाही.

सवलतीविषयी थोडेसेच. सणासुदीची तीस टक्के सूट ज्या किमतीतून वजा होते, ती किंमत कोणी कधी दिलेली असते का, हे विचारावे. ‘चिमणी मोफत’ असेल तर चिमणीविना दर किती, हेही विचारावे. ग्रॅनाइट, सिंक, नळजोडणी, विजेचे काम, जुना ओटा फोडणे, उघड्या बाजूंच्या फळ्या आणि १८ टक्के जी. एस. टी. यांपैकी काय आत आणि काय बाहेर, हे एकेक लिहून घेतले की ‘स्वस्त’ दरपत्रक पुष्कळदा महाग निघते.

बिलाविना रोखीने घ्या, कर वाचेल, असा सल्ला देणारे हितचिंतकही भेटतात. करचोरीची गोष्ट क्षणभर बाजूला ठेवली, तरी त्या वाचलेल्या पैशांबरोबर हमीही जाते आणि दादही जाते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण जेथे राहतो तेथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार नेता येते. दोन वर्षांची मुदत असते, आणि दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क पडत नाही. आधी १९१५ या क्रमांकावर दूरध्वनी केला तरी बरेचदा काम भागते. पण हातात कागद हवा.

आणखी एक गोष्ट दरपत्रकात कोठेच नसते. ओट्याची उंची स्वयंपाक करणाऱ्या माणसाच्या कोपरावरून ठरते, आणि सौदा करायला पुष्कळ घरांतून जो जातो तो स्वयंपाक करीत नाही. खण कापून झाल्यावर ‘जरा उंच झाला’ हे कळले, तर बदलाचा खर्च वेगळा लागतो, आणि तेव्हा घासाघीस करण्याची आपली शक्ती संपलेली असते.

घासाघिशीलाही एक मर्यादा आहे. ती ओलांडली की दुकानदार हसत मान्य करतो, आणि वजा झालेले पैसे न दिसणाऱ्या जागी वसूल होतात: पाठीची फळी अधिक पातळ होते, उंच झाकणाला तीन बिजागऱ्यांऐवजी दोन लागतात, आतल्या कडांना पट्टी लागत नाही. बरेचदा ते सुताराच्या मजुरीतूनही जातात, आणि सुतार काम आटोपून पुढच्या घराकडे धावतो. म्हणून रक्कम देण्याचा क्रम किमतीइतकाच महत्त्वाचा. निम्मी रक्कम आगाऊ आणि उरलेली सगळी माल निघण्यापूर्वी, ही रीत मान्य करू नये. दहावा हिस्सा तरी हाती राखावा, आणि तो देण्याच्या दिवशी विजेरी घेऊन मोरीखालचा खण उघडावा. नळाच्या पाइपासाठी पाडलेल्या भोकाची कड कोरी ठेवली आहे की सील केली आहे, हे बोट फिरवून पाहावे, मग ओटाभर पाणी सोडून अर्धा तास थांबावे. सुतार तेवढा वेळ चहा घेईल.