'करावे'चं इंग्रजी 'शुड' नव्हे

अंबरनाथ पश्चिमेहून बोलतोय. खाली पिठाची गिरणी चालू आहे, तिचा आवाज मध्ये मध्ये येईल, सांभाळून घ्या.

आजचा विषय एका ईमेलवरून निघाला. माझ्याकडे संध्याकाळी इंग्रजी शिकायला येणारी एक मुलगी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात डिस्पॅचचं काम बघते. मराठी माध्यमातून शिकलेली, कामाला चोख. तिने परदेशातल्या एका गिऱ्हाइकाला लिहिलं, 'यू शुड कन्फर्म द ऑर्डर बाय फ्रायडे.' उत्तर एका ओळीचं आलं, आणि तेही तिला नाही, थेट तिच्या साहेबांना. साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, गिऱ्हाइकाला हुकूम सोडणारी तू कोण? संध्याकाळी क्लासला आली ती रडवेली होऊनच. म्हणाली, "सर, मी तर विनंतीच केली होती. प्लीज लिहायचं राहिलं म्हणून एवढं?"

प्लीज लिहिलं असतं तरी फारसा फरक पडला नसता. मी म्हटलं, हेच वाक्य आधी मराठीत सांग. ती म्हणाली, 'शुक्रवारपर्यंत ऑर्डर कन्फर्म करावी.' झालं, चूक सापडली. आणि ती तिची कमी, आपण शाळेत घोकलेल्या अर्जाची जास्त.

आठवतोय ना अर्ज? 'तरी मला दोन दिवसांची रजा मंजूर करावी, ही नम्र विनंती.' हे 'करावी' म्हणजे आपला विध्यर्थ. हा एकटा गडी घरातली सगळी कामं करतो. 'मुलांनी मोठ्यांचं ऐकावं' हे कर्तव्य झालं. 'आता पाऊस थांबावा' ही इच्छा. 'तो घरीच असावा' हा अंदाज. आणि 'रजा मंजूर करावी' ही विनंती. इंग्रजीत या प्रत्येक कामाला वेगळा माणूस ठेवलेला आहे. आपण मात्र 'करावं' दिसलं की 'शुड' लावतो. आमच्या पिढीला इंग्रजी पाचवीपासून होतं, २००० सालापासून ते पहिलीपासून आलं, पण 'शुड म्हणजे पाहिजे' हे समीकरण काही बदललं नाही.

'शुड'मध्ये बोलणारा सांगत असतो की तुझ्यासाठी काय योग्य ते मला कळतं. डॉक्टरने पेशंटला म्हटलं तर ठीक. गिऱ्हाइकाला म्हटलं की त्याला ते टोचणारच. तिथे हवं होतं 'कुड यू कन्फर्म' किंवा 'वुड यू कन्फर्म'. दोन्ही चालतात. 'कुड'मध्ये विचारणं असतं की जमेल का, म्हणजे समोरच्याला 'नाही जमत' म्हणायला वाट राहते. 'वुड'मध्ये विचारणं असतं की कराल का, त्याच्या राजीखुशीचं. बरोबरीच्या माणसाला 'कॅन यू' पुरतं. 'विल यू' जरा जपून, आवाज चढला की त्याचा 'करतोस की नाही?' होतो.

आता पोरं विचारतात, 'कुड' तर 'कॅन'चा भूतकाळ ना? मग आजच्या कामाला भूतकाळ कशाला? यावर मी त्यांना उलटा प्रश्न विचारतो. साहेबांच्या केबिनमध्ये गेल्यावर आपण काय म्हणतो? 'साहेब, जरा काम होतं.' होतं? अरे, काम तर आत्ता आहे! 'काकू, थोडं विचारायचं होतं.' विचारायचंय आत्ताच, पण 'विचारायचंय' म्हटलं तर अंगावर गेल्यासारखं वाटतं. 'होतं' म्हटलं की आपण एक पाऊल मागे उभे राहतो. 'कुड' आणि 'वुड' तेच करतात. हे एवढं कळलं की अर्धी लढाई संपते, असं माझं मत आहे. नियम पाठ करून हे येत नाही, 'काम होतं' आठवून येतं.

एक गंमत सांगतो. लोकलमध्ये चौथ्या सीटसाठी आपण 'जरा सरकता का?' म्हणतो. 'सरकू शकता का?' असं कोणी म्हणत नाही. निदान अजून तरी नाही! बाकी ठिकाणी हे 'शकता का' 'कॅन यू'चं बोट धरून बरंच घुसलंय. 'पाणी देऊ शकता का?' असं ऐकलं की मला म्हणावंसं वाटतं, शकतो की, हात धड आहेत माझे.

'मे'चा घोळ वेगळाच. 'मे आय' आदबशीर, म्हणून लोक 'मे यू प्लीज सेंड द फाइल?' असं लिहितात. परवानगी आपण स्वतःसाठी मागतो, म्हणून 'मे आय' बरोबर. 'मे यू'ने वाक्य सुरू झालं की तो आशीर्वाद होतो, 'मे यू लिव्ह लाँग', औक्षवंत हो. म्हणजे फाइलचं ते वाक्य ऐकू येतं, 'तुझ्या हातून फाइल पाठवली जावो!' आणि आपला 'ऊ' बघा. 'आत येऊ का?' इथे 'मे आय'. 'चहा टाकू का?' इथे 'शॅल आय', कारण परवानगीपेक्षा तुमची मर्जी विचारतोय. 'तुमची छत्री नेऊ का?' इथे 'कुड आय', वस्तू तुमची आहे.

तर त्या मुलीने माफीचा मेल लिहायला घेतला. शेवटी लिहिलं, 'आय विश यू वुड रिप्लाय सून.' मी तिचा हात धरायचाच बाकी होतो. 'आय विश यू वुड' म्हणजे कुरकुर, 'एकदाचं उत्तर द्याल तर बरं होईल'. जे होण्यासारखं आहे त्याला 'होप'. जे हातातून गेलंय किंवा समोरचा करतच नाहीये, त्याला 'विश'. तिने ते खोडून 'आय होप टु हिअर फ्रॉम यू' केलं आणि वर 'कुड यू कन्फर्म' घातलं. गुरुवारी उत्तर आलं, या वेळी तिच्या नावाने.

पुढच्या आठवड्यात तिने विचारलं, "सर, बहिणीचं लग्न आहे. 'आय वॉन्ट टू डेज लीव्ह' लिहू?" मी म्हटलं, साहेबांना मराठीत काय म्हणशील? ती म्हणाली, "दोन दिवस रजा हवी होती." मग थांबली, हसली, आणि 'वॉन्ट' खोडून 'वुड लाइक' लिहिलं.